समोरचा सायकलवाला

त्या रविवारी मी नेहमीसारखी भाऊजींच्या फाटकासमोर सायकल थांबवली आणि घंटी वाजवली. यवतमाळ अजून पुरतं जागं झालं नव्हतं. कोपऱ्यावरचा दूधवाला कॅन उतरवत होता, एवढाच काय तो आवाज. एरवी घंटी वाजायच्या आत भाऊजी हेल्मेट घालून फाटकाशी उभे असायचे आणि मीच उशीर केल्यासारखं माझ्याकडे बघायचे. त्या दिवशी पोर्चमधला दिवा लागलेला होता, सायकल भिंतीपासून काढून फाटकाकडे तोंड करून ठेवली होती, पण भाऊजी दिसत नव्हते. मी पुन्हा घंटी वाजवली. मग आतून ताईचा आवाज आला. तिनं फक्त माझं नाव घेतलं... पण ते असं घेतलं की मी सायकल तशीच आडवी टाकून आत धावले.

भाऊजी बैठकीतल्या वेताच्या खुर्चीत बसलेले होते. एका पायात बूट, नाडी नीट बांधलेली. दुसरा बूट मांडीवर आणि त्यावर हात. ताई त्यांच्यासमोर जमिनीवर बसून त्यांचा अनवाणी पाय दोन्ही हातांनी चोळत होती. शेजारचे डॉक्टर चपला न घालताच आले. हृदय बंद पडलं म्हणाले, त्यांना काही कळलंही नसेल म्हणाले. ताई मात्र येईल त्याला एकच सांगत होती, "आत्ता बोलले नं माह्यासंग. म्हनले, बूट उलटा त नाही घातला मी? मी म्हटलं, बरोबर आहे. चाय ठेवाले गेली, अन् वापस आली त..." पुढचं वाक्य तिला दिवसभर सापडलं नाही.

त्याला आता महिन्यावर दिवस होऊन गेले. शरद गावंडे हे नाव पाटबंधारे खात्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल, आमच्या सायकलवाल्यांना आठवत असेल, बाकी कुणाला आठवायचं काही कारण नाही. ते माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. मी त्यांना भाऊजी म्हणायची, ते मला रेखा. त्यांच्या आयुष्याची शेवटची काही वर्षं मी दर रविवारी त्यांच्या पुढे सायकल चालवली, आणि त्या रस्त्यांवर जे झालं ते कुणाला तरी सांगावं असं वाटतं. मनात ठेवलं तर ते रात्रंदिवस माझ्याच मागे फिरत राहील.

मी त्यांना पहिल्यांदा ओळखलं ते आर्णीला. ताईचं लग्न नुकतंच झालं होतं, भाऊजींची नेमणूक तिथे होती आणि मी शाळेच्या सुट्टीत तिच्याकडे राहायला गेले होते. कालव्याची पाहणी करायला खात्याची जीप मिळायची, पण भाऊजी सायकलनं जायचे. उंच, काळी, दांड्याची सायकल. अंगात पांढरा सदरा, कॅरिअरला दुपारचा डबा. कालव्याच्या कडेनं जो कच्चा रस्ता जायचा त्यावरून ते दिवसभर एकटे हिंडत आणि संध्याकाळी घरी येत तेव्हा त्यांचा चेहरा असा असायचा, जसं कुणाशी तरी पोटभर बोलून आलेत. ताईला याचा थोडा रागच यायचा. "काय भेटते तुमाले तिथं?" ती विचारायची. ते हात धूत म्हणायचे, "काही नाही. रस्ता." एकदा मी हट्ट करून शेजारच्यांची लेडीज सायकल मागून घेतली आणि त्यांच्या मागे निघाले. गावाबाहेर आल्यावर त्यांनी पाय टेकवला, मागे वळून अगदी प्रेमानं म्हणाले, "सोबत पायजे असंन त एस्टीनं जात जाय रेखा. सायकलवर मानसानं एकटंच असा लागते." आणि मला परत पाठवलं.

पुढे त्यांची झरी जामणीला बदली झाली, तेव्हा ऑफिसातल्या लोकांना वाटलं, आता हा माणूस रजेचा अर्ज टाकेल. भाऊजी खूश होऊन गेले. जंगलातले रस्ते, फाल्गुनात दोन्ही बाजूंनी पेटलेला पळस, मैलोन् मैल माणूस नाही. कोलामांच्या पोडांवर, त्यांच्या जंगलातल्या वस्त्यांवर, त्यांना 'सायकलवाला साहेब' म्हणत. ताई पोरीला घेऊन यवतमाळात राहिली, ते शनिवारी एस्टीनं यायचे, आणि सोमवारी पहाटे परत जाताना त्यांच्या पावलांत जो उत्साह असायचा, तो ताई खिडकीतून बघत राहायची. ती मला एकदा म्हणाली होती, दुसरी बाई असती तर भांडले तरी असते.

निवृत्तीनंतर ते यवतमाळला आले आणि तोवर इथे सायकलींचे ग्रुप सुरू झाले होते. मी इथल्याच एका शाळेत शिकवते. गुडघ्यासाठी म्हणून मीही एका ग्रुपमध्ये गेले आणि रमले. आमचे पुढारी राठोड सर, शाळेत खेळ शिकवायचे, त्यांचा आवाज अजूनही मैदानावरचाच आहे. रविवारी वीसेक जण एका रांगेत निघायचे, दारव्हा रोडनं किंवा आर्णी रोडनं, परत येताना कुठेतरी पोहे, चहा, कुणाचा वाढदिवस, फोटो. मी भाऊजींना कितीदा म्हटलं, या आमच्यासोबत. ते हसायचे. "ते सायकल चालवनं नोहे, वरात आहे." आणि आपले एकटे, आमच्या उलट्या दिशेनं जायचे.

मग एका सकाळी ते कोपर सोलटवून घरी आले. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला धडकले होते. ट्रॉली लाल रंगाची, भर उजेडात, जागेवर उभी. महिन्याभरानं निंबाची फांदी कपाळाला लागली. तिसऱ्यांदा ते घराच्याच फाटकाला धडकले, तेव्हा ताई त्यांना नागपूरला घेऊन गेली. काचबिंदू निघाला. आजूबाजूचं दिसणं जवळपास संपलेलं होतं. पाइपातून पाहावं तसं समोरचं तेवढं दिसत होतं, तेही धूसर. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंबांनी टिकवू. रस्त्यावर एकट्यानं वाहन चालवायचं नाही, सायकलसुद्धा.

त्या पावसाळ्यात सायकल पोर्चमध्ये उभी राहिली आणि माणूस खुर्चीत. जेवण कमी झालं. मुलगी पुण्याहून फोन करायची, तिच्याशी दोन शब्द. दिवाळीच्या आधी ताई माझ्या घरी आली आणि उभ्याउभ्याच भाऊजींविषयी म्हणाली, "यायले तुमच्या ग्रुपमंदी घ्या. पन तू यायच्या समोर राहशीन. दुसरं कोनी नाही." मी राठोड सरांना सगळं खरं सांगितलं, लपवून नेण्यासारखी ही गोष्ट नव्हती. सर बराच वेळ हेल्मेट हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "रांगेच्या मधात ठेवू. समोर तुम्ही, मांगं मी. हायवे नाही, ट्रकच्या टायमावर नाही. अन् ज्या दिवशी मी नाही म्हणीन, त्या दिवशी नाही." भाऊजींनी हे मान खाली घालून ऐकलं. मी नारंगी जाकीट घेतलं, ते त्यांच्या त्या पाइपातून नीट दिसायचं.

सुरुवातीचे महिने त्यांनी आम्हाला माफ केलं नाही. ज्या माणसानं जन्मभर सायकलवर अवाक्षर काढलं नव्हतं, त्याला आता आमच्या ओरडण्यावर चालावं लागत होतं. रांगेत पुढच्यानं खड्डा पाहिला की ओरडायचं, मग त्याच्या मागच्यानं, असं शेवटपर्यंत. खड्डा, गिट्टी, म्हैस, मागून गाडी. ते माझ्या मागे गप्प असायचे, फक्त त्यांच्या चेनचा आवाज यायचा. चहाला थांबलो की ते बाजूला जाऊन उभे राहायचे, फोटोत यायचे नाहीत. पण हळूहळू मला ऐकू येऊ लागलं की मी "खड्डा" म्हटलं की मागून तेही ओरडतात, "खड्डा!" न दिसलेला खड्डा ते मागच्याला सांगत होते. मी एकदा हसून विचारलं, तर म्हणाले, "मले दिसो का न दिसो, मांगच्याले त समजलं पायजे." कुणाची सायकल कशी वाजते हेही त्यांना पाठ झालं. एकदा चहाच्या टपरीवर ते राठोड सरांना म्हणाले, "सर, तुमचा उजवा गुडघा दुखून राह्यला काय? पायडल लंगडून राह्यलं." सर बघतच राहिले. त्यांनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

हे असं सुरळीत चाललं असताना ती थंडीतली सकाळ आली. दारव्हा रोडला धुकं होतं, कापसाची शेतं त्या धुक्यातच कुठेतरी होती. मी रांगेत सर्वांत पुढे होते, कारण बाकीचे चढावर मागे पडले होते. मागून भाऊजी म्हणाले, "रेखा, तो समोर कोन आहे?"

"कुठे?"

"अवो, तो काय. पांढऱ्या सदऱ्यातला. एकटाच जाऊन राह्यला."

मी पाहिलं. रस्ता मोकळा होता. धुकं बाजूला सरकत होतं आणि दूरपर्यंत डांबर ओलं चमकत होतं, त्यावर पाखरूसुद्धा नव्हतं. मी म्हटलं, कोणी नाही भाऊजी. मग म्हणाले, "बरं. राहू दे."

पुढच्या रविवारी त्यांनी विचारलं नाही, पण मला कळलं की तो आहे, कारण ते माझ्या जाकिटाच्या मागे न राहता किंचित उजवीकडे सरकत होते, माझ्या खांद्यावरून पुढे पाहण्यासाठी. शेवटी टपरीमागच्या बाकावर त्यांनी मला सगळं सांगितलं. तो नेहमी तेवढ्याच अंतरावर असतो. सायकल जुनी, उंच. आपण जोर लावला की तोही लावतो, आपण हळू झालो की तोही. मागे वळून कधीच पाहत नाही. "रेखा, सारं जग मले मळक्या काचेतून दिसते," ते म्हणाले, "पन तो असा साफ दिसते का त्याच्या सदऱ्याची घडीसुदिक दिसते." ताईला सांगू नको म्हणाले. मी त्यांना सांगितलं की हे माझ्याच्यानं जमणार नाही, आणि त्याच आठवड्यात आम्ही तिघं नागपूरला गेलो.

डॉक्टरांना आश्चर्य वाटलं नाही. नजर गेलेल्या पुष्कळ लोकांना असं दिसतं म्हणाले. कुणाला पोरं दिसतात, कुणाला फुलं, कुणाला अनोळखी माणसं. डोळ्यांकडून चित्र येणं थांबलं की मेंदू स्वतःचं काढून मांडतो. हा वेडेपणा नाही, भूतबीत काही नाही, लोक भीतीनं सांगत नाहीत इतकंच. ताईला आणि मला हायसं वाटलं. भाऊजींचं तोंड मात्र उतरलं. गाडीत बसल्यावर ते मला हळूच म्हणाले, "म्हंजे तो नाहीच?"

"नाही."

"मंग मी एवढे दिवस त्याच्या मांगं कायले जाऊन राह्यलो?"

बऱ्याच वेळानं, बाहेर अंधारून आल्यावर, मी त्यांना विचारलं की तो कुणासारखा दिसतो, ओळखीचा आहे का. ते म्हणाले, "पाठमोरा आहे नं. आपली पाठ आपन कधी पायली आहे?" आणि डोळे मिटून घेतले.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांनी मागणी केली. मला नाही, ताईला. मी समोर होते. एक वेळ, फक्त एक वेळ, त्यांना एकट्यानं सायकल चालवायची होती. आर्णीजवळचा तोच कालव्याचा रस्ता. तिथे वाहन येत नाही, वळणं त्यांच्या अंगात मुरलेली. मला वाटलं ताई फाडकन नाही म्हणेल. कालव्याला पाणी सुटलेलं असणार, कठडा कुठे आहे कुठे नाही. ताई भाजी निवडत होती, ती निवडत राहिली. मग म्हणाली, "घेऊन जाऊ. मीबी येतो." रात्री मी तिला फोन करून विचारलं की तू हे काय कबूल केलंस. ती म्हणाली, "यायले सांभाळून ठेवलं रेखा मी. घरात ठेवलं. पन घरात हे नाहीच आहेत. मंग मी कोनाले सांभाळून राह्यली?"

आम्ही गाडीच्या टपावर त्यांची जुनी सायकल बांधून सकाळी पोचलो. कालवा भरून वाहत होता. भाऊजींनी हात लावून पाणी पाहिलं, मग सायकलचा दांडा चाचपला, आणि पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या दुमडून टांग मारली. तो सदरा त्यांनी त्या दिवशी का घातला होता हे मी विचारलं नव्हतं. सुरुवातीला चाक थोडं डगमगलं, पाण्याच्या बाजूला गेलं, ताईनं माझं मनगट धरलं. मग सायकल सरळ झाली आणि ते पुढे निघाले. आम्ही दोघी तिथेच उभ्या. लांबच लांब सरळ रस्ता, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला तुरीचं कापून नेलेलं रिकामं वावर, आणि त्यावरून दूर जाणारी ती पाठ. पांढरा सदरा. उंच सायकल. एकटा. मागे वळून न पाहणारा... इतके रविवार ते मला ज्याच्याबद्दल विचारत होते, तो माणूस मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसला. ताईनं माझं मनगट अजून घट्ट धरलं.

मग रस्ता वळतो तिथे ते दिसेनासे झाले. आम्ही वाट पाहिली. कालव्याच्या पाण्याचा एकसारखा आवाज येत होता आणि त्या आवाजात काहीही बुडून जाऊ शकलं असतं. मी सायकल आणली नव्हती, पळत जायला निघाले, तर ताई म्हणाली, "जाऊ नोको. त्यायनं एकटं मांगितलं आहे." ती तिथेच, मातीत, खाली बसली. ऊन चढलं. वावरातले बगळे उडून दुसरीकडे गेले. आणि मग वळणावर एक ठिपका आला, मोठा झाला, आणि त्याला चेहरा होता. भाऊजी घामानं निथळत आमच्या आवाजाच्या अंदाजानं थांबले. ताईनं पुढे होऊन हँडल धरलं. त्यांनी बराच वेळ दम घेतला, मग माझ्या दिशेनं तोंड करून म्हणाले, "आज तो नव्हता."

त्यानंतर ते बदलले. ग्रुपच्या फोटोत येऊ लागले, कॅमेरा नसेल तिकडे बघून हसत. कुणाच्या वाढदिवसाला केक भरवला तर खाऊ लागले. तो सायकलवाला त्यांना पुन्हा दिसायला लागला होता, हे त्यांनी मला सांगितलं होतं, पण आता त्यात भीती नव्हती, आमच्या रांगेतलाच एखादा जण असल्यासारखं ते बोलायचे. आज लय समोर आहे. आज धुक्यात आहे.

शेवटच्या रविवारी आम्ही आर्णी रोडनं परत येत होतो. ऊन अजून कोवळं होतं. मागून भाऊजी म्हणाले, "रेखा, तो थांबला."

"कुठे?"

"बाभळीखाली. पाय टेकवून उभा आहे."

रस्त्याच्या डाव्या हाताला खरंच एक बाभूळ होती. तिच्याखाली काही नव्हतं, नुसती सावली. आमची रांग तिच्यासमोरून गेली. मला मान वळवायची नव्हती तरी मी वळवली. थोडं पुढे आल्यावर मी विचारलं, आता? भाऊजी हसत होते. "मांगं राह्यला," ते म्हणाले. "निंगालो आपन त्याच्या समोर." त्यांच्या हसण्यात असा आनंद होता की मीही हसले. पुढच्या रविवारी मी घंटी वाजवत राहिले.

आता ग्रुपमध्ये माझ्या मागे कुणी येत नाही. कुणी ठरवलेलं नाही, पण माझ्या आणि राठोड सरांच्या मध्ये एक सायकल मावेल एवढी जागा सुटते आणि ती कुणी भरत नाही. मी "खड्डा" म्हटलं की क्षणभर काही होत नाही, मग सर लांबून ओरडतात. ते मला सोसवेना. म्हणून गेले दोन रविवार मी एकटीच गेले, जन्मात पहिल्यांदा. भाऊजी म्हणायचे तशी शांतता मला सापडली नाही. मोकळ्या रस्त्यावर मला सारखं वाटत राहतं की मागे कुणीतरी आहे, माझ्या वेगानं वेग ठेवून. मी मागे वळून पाहत नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं मला पाठ आहे, माझे डोळे चांगले आहेत, तरी पाहत नाही.

परवा तशीच परत येताना ताईकडे थांबले. ती आता बरी आहे म्हणतात तशी बरी आहे. मुलगी पुण्याला चल म्हणते, ताई बघू म्हणते. मी पोर्चमध्ये बसले होते, ती आतून चहा घेऊन आली. बैठकीतून पोर्चमध्ये उतरताना एक पायरी आहे. दोन्ही हातांत कप घेतलेली ताई दारात थांबली, खांद्यावरून किंचित मागे वळली आणि सवयीच्या आवाजात म्हणाली, "पायरी आहे."

घरात आणखी कोणी नव्हतं. तिला ते कळलं, मलाही कळलं. पण ती हलली नाही आणि मी कप घ्यायला उठले नाही. कुणाला सावकाश, आधी एक पाय मग दुसरा, खाली उतरायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ आम्ही दोघी थांबलो. मग ताई पोर्चमध्ये आली.